ट्रान्सफॉर्मरवरचा आळ: कारखान्यातल्या घुमणाऱ्या आवाजाचा उगम कसा सापडला

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका एमआयडीसीतला मध्यम आकाराचा अन्नप्रक्रिया कारखाना. नाव-गाव मुद्दाम वगळलं आहे. मागच्या कुंपणाला लागून सांडपाणी प्रक्रिया केंद्र, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी ईटीपी, आणि त्याच्या शेजारी ट्रान्सफॉर्मरचं यार्ड. कुंपणाबाहेर नाला. नाल्याच्या पलीकडे, साधारण १२० मीटरवर, चार मजल्यांची एक सोसायटी. कारखाना आधीचा, सोसायटी नंतरची. हा मुद्दा कारखान्याच्या बाजूने प्रत्येक बैठकीत निघाला आणि त्याने काहीच सुटलं नाही.

ईटीपीत तीन रूट्स ब्लोअर (दोन रोटर फिरवून हवा ढकलणारी यंत्रं) होते, दोन चालू आणि एक स्टँडबाय. एकाची हवा एरेशन टाकीत जायची, दुसऱ्याची इक्वलायझेशन टाकीत. एरेशन टाकीतले जिवाणू त्या हवेवर जगतात, त्यामुळे ब्लोअरना साप्ताहिक सुट्टी नसते. कारखाना बंद असला तरी ते चालूच. ब्लोअरवर आवाज रोखणारी कॅनोपी सुरुवातीपासून होती, आणि पुढे बराच काळ ब्लोअरकडे कुणाचं लक्ष न जाण्याचं तेही एक कारण ठरलं. 'ते तर झाकलेलेच आहेत' असं मेंटेनन्सवाले म्हणायचे आणि ऐकणाऱ्याला ते पटायचं.

तक्रार

हिवाळ्यात सोसायटीचं पत्र आलं. मसुदा तिथल्या एका निवृत्त शिक्षिकेचा होता. पत्र दोन पानांचं होतं आणि त्यात चार गोष्टी नेमक्या लिहिल्या होत्या. आवाज रात्री अकरानंतर जाणवतो. तो एकसारखा नाही, घूं... घूं... असा चढतो-उतरतो, साधारण सेकंदाला एकदा. पलंगाच्या मध्ये बसलं तर कमी लागतो, भिंतीकडे उशीवर डोकं टेकलं की वाढतो. खिडकी लावून फारसा फरक पडत नाही.

कारखान्याने नियमाप्रमाणे एका प्रयोगशाळेकडून मोजणी करून घेतली. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री, म्हणजे दहा ते सहा या वेळात, मर्यादा ४५ डीबी(ए) आहे. सोसायटीच्या गच्चीवर ४३ भरले. कागदावर कारखाना सुटला आणि तसं उत्तर गेलं. बाईंनी उलट लिहिलं, "तुमचा आकडा बरोबर असेल, पण झोप आमची जाते."

दोघांचंही खरं होतं. डीबी(ए) मोजताना मीटर मानवी कानाच्या संवेदनेप्रमाणे वेगवेगळ्या वारंवारतांना (सेकंदाला किती कंपनं, एकक हर्ट्झ) कमी-जास्त वजन देतो, आणि १०० हर्ट्झच्या आसपास तो सुमारे १९ डेसिबल कापून टाकतो. 'सी' मापनात हीच कपात नगण्य असते. त्याच गच्चीवर, त्याच रात्री डीबी(सी) ६० होतं. दोन्हींतला फरक १५ च्या वर गेला की खालच्या सुरातल्या आवाजाचा संशय घ्यायचा. इथे तो १७ होता. प्रयोगशाळेच्या अहवालात दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेले होते. वाचला गेला तो फक्त पहिला, कारण मर्यादा त्याचीच आहे.

संशय ट्रान्सफॉर्मरवर कसा गेला

प्लांट मॅनेजर समंजस होते. नियमात बसत असूनही त्यांनी शोध घ्यायचं ठरवलं. अहवालात एक-तृतीयांश ऑक्टेव्ह पट्ट्यांचा, म्हणजे वारंवारतांचे गट पाडून प्रत्येक गटातला आवाज दाखवणारा, आलेख होता आणि त्यात '१००' असं लिहिलेला खांब शेजारच्या खांबांपेक्षा कितीतरी उंच. इलेक्ट्रिकल विभागातला कोणीही सांगेल की १०० हर्ट्झ म्हणजे ट्रान्सफॉर्मर. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची; ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा चुंबकीय बलाने प्रत्येक आवर्तनात दोनदा किंचित ताणला-आखडला जातो, म्हणून त्याचा गुंजारव १०० चा.

बाकीचे पुरावेही जुळत गेले. महावितरणचं शटडाउन असलं की आवाज बंद व्हायचा. साप्ताहिक सुट्टीला मशीन बंद असूनही आवाज यायचा, आणि ट्रान्सफॉर्मर सुट्टीलाही चार्ज असतोच. त्याचा गुंजारव लोडवर फारसा अवलंबून नसतो, त्यामुळे रात्री लोड उतरूनही आवाज तसाच राहणं स्वाभाविक वाटलं. शिवाय यार्डाजवळ उभं राहिलं की गुंजारव कानांना स्पष्ट ऐकू यायचा.

यातला एकही पुरावा खोटा नव्हता. अडचण इतकीच की प्रत्येक पुरावा ब्लोअरलाही तितकाच लागू पडत होता. लाइट गेली की डीजीवर, म्हणजे डिझेल जनरेटरवर, फक्त कोल्ड रूम आणि मोजके दिवे चालायचे, ब्लोअर नाही. सुट्टीला ब्लोअर चालूच. रात्री-दिवसा त्यांचा वेग तोच. दोन संशयितांमध्ये फरक करू शकेल असा एकही पुरावा हाताशी नसताना एकाचं नाव ठरलं, ते केवळ आलेखावरच्या '१००' या छापील आकड्यामुळे.

त्या पट्टीचा विस्तार मात्र सुमारे ८९ ते ११२ हर्ट्झ असतो. १०० हे तिच्या मध्याचं नाव आहे. आतला आवाज ९२ चा असो की १०८ चा, खांब तोच उंचावतो.

आधी झालेले दोन खर्च

पहिला खर्च ट्रान्सफॉर्मरवर झाला. खाली कंपनरोधक पॅड बसले आणि सोसायटीच्या बाजूला तीन मीटर उंच विटांची भिंत उभी राहिली. गच्चीवर फरक शून्य. खरं तर आवाज ट्रान्सफॉर्मरचाच असता तरी भिंतीचा फायदा बेताचाच झाला असता. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या आसपास असते, आणि तेवढी लांब लाट तेवढ्याच उंचीच्या भिंतीवरून सहज वाकून पलीकडे उतरते. बांधकामाआधी हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा होता.

दुसरा प्रयोग ध्वनी कॅमेऱ्याचा. थाळीवर अनेक मायक्रोफोन बसवलेलं हे उपकरण पडद्यावर यंत्राच्या चित्रावर रंगीत डाग दाखवतं: जिथे लाल, तिथे आवाज. डेमो प्रभावी झाला. लाल डाग पाइपरॅकवरच्या एका जोडावर पडला आणि तिथे खरोखरच कॉम्प्रेस्ड एअरची गळती सापडली. ती बंद झाल्याने कॉम्प्रेसरचा भार हलका झाला, म्हणजे पैसे वाया गेले असं म्हणता येणार नाही. पण गळतीची शीळ काही किलोहर्ट्झची असते, आणि सोसायटीची तक्रार शिट्टीची नव्हतीच.

कॅमेऱ्याची मर्यादा साध्या गुणाकाराने कळते. डागाचा व्यास साधारण १.२२ गुणिले तरंगलांबी गुणिले अंतर, भागिले थाळीचा व्यास. साडेतीन मीटर तरंगलांबी, दहा मीटर अंतर आणि ६० सेंटीमीटरची थाळी घेतली तर डाग सत्तर मीटरचा निघतो. म्हणजे अख्खं ईटीपी, ट्रान्सफॉर्मर यार्ड आणि वर अर्धा कारखाना एकाच डागात. उपकरण वाईट नाही; या सुराला ते आंधळं आहे. विक्रेत्याने हे सांगितलं नाही आणि घेणाऱ्यांनी विचारलं नाही.

वळण: पत्रातली सेकंदाची खूण

आमच्या गटाकडे प्रकरण आलं ते या टप्प्यावर. आधी कागद मागवले, आणि कागदांत सगळ्यात उपयोगी निघालं ते बाईंचं जुनं पत्र. सेकंदाला एकदा चढ-उतार याचा अर्थ जवळजवळ सारख्या वारंवारतेचे दोन सूर एकत्र वाजत आहेत आणि त्यांच्यात सुमारे एक हर्ट्झचा फरक आहे. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की जे स्पंद ऐकू येतात, तेच हे. एकटा ट्रान्सफॉर्मर असे स्पंद देत नाही. दोन असते तरी दोघांनाही वीज एकाच ग्रिडची, त्यामुळे दोघांचा सूर तंतोतंत एकच.

सोसायटीतल्या एका मुलाने फोनवर आवाज टिपून ठेवला होता. फोनच्या मुद्रणातून आवाजाची पातळी ठरवू नये, कारण खालचे सूर फोनचा माइक दाबतो आणि काही ॲप सलग गुंजारव 'अनावश्यक' समजून पुसून टाकतात. वारंवारतेचं तसं नाही. ती फोनमधल्या घड्याळावर ठरते आणि ते घड्याळ उत्तम असतं. फाइल संगणकावर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती आवाज आहे याचा आलेख, काढला. शिखर ९५ ते ९७ हर्ट्झच्या दरम्यान होतं, थोडं बोथट. बरोबर १०० वर काहीही ठळक नव्हतं.

भारतीय ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राखायची असते. ट्रान्सफॉर्मर ९६ वर गाण्यासाठी ग्रिड ४८ वर यावी लागेल, आणि तसं झालं तर बातमी गुंजारवाची नसेल.

मोजणी

यानंतर यंत्रांची यादी केली: मागच्या बाजूचं प्रत्येक फिरतं यंत्र, त्याचा प्रत्यक्ष वेग, आणि त्या वेगाला कोणता सूर निघायला हवा. पंख्याला पात्यांची संख्या गुणिले सेकंदाचे फेरे. दोन लोबच्या (लोब म्हणजे रोटरची फुगीर पाकळी) रूट्स ब्लोअरला एका फेऱ्यात चार धक्के, कारण दोन रोटर आणि प्रत्येकाचे दोन लोब. नेमप्लेटवरचा आकडा मोटरचा असतो. बेल्टवर चालणाऱ्या ब्लोअरचा वेग पुलीवर टॅकोमीटर धरूनच घ्यावा लागतो. पहिला ब्लोअर १४५० आरपीएम (मिनिटाला फेरे), दुसरा १४३५. चौपट करून साठाने भागलं की ९६.७ आणि ९५.७ हर्ट्झ. फरक बरोबर एकाचा.

ही यादी करायला मीटरही लागत नाही. कारखान्याने भिंत बांधण्याआधी ती केली असती तर प्रकरण तिथेच वेगळ्या दिशेने गेलं असतं.

तरी प्रत्यक्ष खात्री हवी होती. वर्णपटातल्या रेषा किती बारीक दिसतील हे मुद्रणाच्या कालावधीवर ठरतं: एक सेकंदाच्या तुकड्यातून एक हर्ट्झपेक्षा बारीक काही दिसत नाही. म्हणून गच्चीवर मिनिटभराची सलग मुद्रणं घेतली. त्यात ९५.७ आणि ९६.७ अशा दोन उंच रेषा सुट्या दिसल्या, आणि बाजूला १०० ची एक बुटकी रेषा. पडताळा म्हणून तिसऱ्या पटीकडे, म्हणजे मूळ सुरासोबत निघणाऱ्या तिप्पट वारंवारतेच्या सुराकडे, पाहिलं. मुळाशी ब्लोअर आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यात तीन-चार हर्ट्झचंच अंतर आहे, पण तिसऱ्या पटीला तेच २९० विरुद्ध ३०० होतं, आणि ते साध्या उपकरणालाही चुकत नाही.

मग बंद-चालू चाचणी. ट्रान्सफॉर्मर बंद करणं म्हणजे कारखाना बंद करणं, त्यामुळे तो विषय नव्हता. ब्लोअर थांबवायला ईटीपीचे ऑपरेटरकाका तयार नव्हते. "साहेब, हवा गेली की गाळ बसतो, आणि मग दोन दिवस मलाच निस्तरावं लागतं." त्यांची भीती रास्त होती. टाकीतल्या विरघळलेल्या ऑक्सिजनचं मीटर समोर ठेवून दहा-दहा मिनिटांचे थांबे ठरले आणि पातळी लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेली की लगेच चालू करायचं असं कबूल झालं. एक ब्लोअर थांबताच गच्चीवरचा चढ-उतार नाहीसा झाला. दोन्ही थांबताच ९६ च्या आसपासचं ५७ डेसिबलचं शिखर गेलं आणि उरली १०० ची रेषा, ३८ डेसिबलची. ट्रान्सफॉर्मर निर्दोष नव्हता, पण १९ डेसिबल मागे होता.

शिक्षिकेच्या खोलीतली मोजणीही याच रात्री झाली. पलंगाच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत खोली ३.६ मीटर, म्हणजे जवळजवळ अख्खी एक तरंगलांबी. अशा खोलीत भिंतीलगत आवाज जास्तीत जास्त आणि भिंतीपासून ९० सेंटीमीटरवर कमीत कमी असतो. उशी आणि पलंगाचा मध्य. पत्रात हेच लिहिलेलं होतं.

आवाज ब्लोअरचा, पण बाहेर कुठून?

इथे दुसरा कठीण निर्णय आला. ब्लोअर ठरला, पण तो कॅनोपीत होता. आवाज बाहेर पडण्याच्या वाटा चार: कॅनोपीची झडप, खोलीची जाळी, टाकीकडे जाणारा डिस्चार्ज पाइप आणि हवा घेणारा सक्शन पाइप. एकाच यंत्राच्या चारही तोंडांतून तोच ९६.७ चा सूर निघतो, त्यामुळे वारंवारता इथे कामाची नाही. दोन मायक्रोफोनमधला कोहेरन्स, म्हणजे दोघांनी टिपलेला आवाज एकमेकांशी किती जुळतो ते (शून्य ते एक), काढायची सूचना आली होती. शुद्ध सुराला कोहेरन्स सगळीकडे जवळजवळ एक येतो. तो कोणत्याही वाटेला दोषी ठरवेल.

आवाजाची तीव्रता आणि त्याची दिशाही मोजणारा दोन-माइकचा प्रोब वापरला. खालच्या सुरांसाठी माइकमधलं अंतर मोठं लागतं, म्हणून ५० मिलिमीटरचा स्पेसर. खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे आकडे भरवशाचे नव्हते. ते टाकून दिले. बाहेर, मोकळ्यावर, चित्र स्वच्छ होतं: सगळ्यात मोठा प्रवाह मागच्या भिंतीतून बाहेर आलेल्या सक्शन पाइपच्या तोंडातून, थेट नाल्याच्या दिशेने.

ते तोंड तिथे कसं आलं? उन्हाळ्यात कॅनोपीत हवा तापायची, ब्लोअर गरम व्हायचे. म्हणून मेंटेनन्सने एअर फिल्टर कॅनोपीतून काढून भिंतीबाहेर सावलीत बसवला होता. विचार योग्य होता, थंड हवेने ब्लोअरला आराम मिळतो. पण मूळ सायलेन्सर फिल्टरच्या जोडीला होता आणि नव्या जोडणीत तो वगळला गेला. लॉगबुकात ओळ होती: 'फिल्टर बाहेर शिफ्ट केला'. पावसाळ्यात नाल्याच्या खळखळाटात आवाज लपला आणि हिवाळ्यात पत्र आलं.

खात्रीसाठी लवचीक होज लावून फिल्टर तात्पुरता कॅनोपीत आणला. गच्चीवर ५७ चे ४६ झाले. चालत्या ब्लोअरचं सक्शन दाबून पाहावं असंही कुणीतरी सुचवलं होतं. ते करू नये, ब्लोअर तापतो आणि बिघडतो.

तोललेले पर्याय

फिल्टर कायमचा आत आणणं सर्वात स्वस्त होतं, पण उन्हाळ्याचा प्रश्न परत आला असता. तीन लोबचे नवे ब्लोअर घेतले तर एका फेऱ्यात सहा सौम्य धक्के होतात आणि सूर १४५ हर्ट्झवर जातो. उपाय उत्तम, खर्च सर्वाधिक, आणि जुने ब्लोअर अजून धडधाकट. पुली बदलून वेग दहा टक्के कमी करता आला असता, पण हवाही जवळपास तेवढीच घटते आणि ऑपरेटरकाकांचं मीटर आधीच काठावर होतं.

पाव-तरंग नळी हा पर्याय अभियंत्यांना मोहात पाडतो. सक्शन पाइपला ९० सेंटीमीटरची बंद तोंडाची फांदी जोडायची, तिच्यातून परतणारी लाट मूळ लाटेला खाते. वर्कशॉपमध्येच बनते. पण ती एकाच सुराला मारते. इथे ब्लोअर दोन, बेल्ट सैल झाला की वेग सरकतो, आणि हवा तापली की ध्वनीचा वेग बदलून नळीची योग्य लांबीही बदलते. जानेवारीत जमलेला सूर मे महिन्यात चुकला असता.

डिस्चार्ज पाइपवर लोकर आणि पत्रा गुंडाळण्याचा प्रस्ताव ठेकेदाराकडून आला होता. तो नाकारला. शंभर हर्ट्झच्या आसपास असं लॅगिंग जवळजवळ काही करत नाही. उलट कधी पत्राच थरथरून आवाज वाढवतो.

ठरलं ते असं: सक्शनला दोन कप्प्यांचा, आतून अस्तर लावलेला सायलेन्सर, जो ९० पासून वरच्या रुंद पट्ट्यावर काम करेल, फिल्टर बाहेरच, पण तोंड वळवून कारखान्याच्या अंगणाकडे. डिस्चार्जचं काम पहिल्या टप्प्याचा परिणाम पाहून.

निष्पत्ती

सायलेन्सर बसल्यावर गच्चीवरचं शिखर ५७ वरून ४४ वर आलं. डिस्चार्जचा जुना सायलेन्सर उघडला तेव्हा आतलं अस्तर झडून गेलेलं निघालं. ते बदलल्यावर ४१. काम पावसाळ्याच्या तोंडाशी संपलं आणि कारखान्याला लगेच समाप्तीचा अहवाल हवा होता. तो दिला नाही. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो, वर जाणारा आवाज वाकून खाली येतो आणि दूरवर ऐकू जातो. तक्रार त्याच हवेतली होती, म्हणून पडताळणी दिवाळीनंतरच करायची असं धरून बसलो. हिवाळ्यात ४२ आले. सोसायटीतल्या बहुतेकांनी विषय सोडला. चौथ्या मजल्यावरच्या एका घरात शांत रात्री अजून सूर लागतो, आणि ४२ डेसिबलला तो लागणारच, कारण १०० हर्ट्झला ऐकू येण्याची सीमा तिशीच्या आतली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या पत्रालाच उत्तर म्हणून डीबी(ए) चा आकडा पाठवायच्या ऐवजी कोणीतरी शिक्षिकेकडे जाऊन रात्री अर्धा तास बसलं असतं, तर स्पंदांचा धागा वर्षभर आधी हाती लागला असता. प्रयोगशाळेला काम देताना 'नियमात बसतं का' एवढंच विचारलं गेलं, 'कशाचा आहे' हे नाही. अहवालही तेवढाच आला. त्यात एक बारीक वर्णपट मागायला जादा खर्च जवळजवळ नव्हता.

आमच्या बाजूनेही एक क्रम बदलता आला असता. प्रोब भाड्याने आणण्याआधी होजची चाचणी केली असती तर प्रोब बहुधा लागलाच नसता. पण फिल्टर हलवल्याची नोंद तोपर्यंत समोर आली नव्हती, आणि चार वाटांपैकी कोणती आधी बदलून पाहायची हे प्रोबनेच सांगितलं. दोन्ही मतं गटात अजून आहेत.

मेंटेनन्सने आता यंत्रांच्या वारंवारतांचा तक्ता ईटीपीच्या खोलीत लावला आहे आणि बेल्ट बदलला की नवा आरपीएम त्यात भरला जातो. पाइप, फिल्टर किंवा झडप हलवायची तर बदलाच्या अर्जावर 'आवाजाची वाट बदलते का?' असा एक रकाना आहे. तीन लोबचा एक ब्लोअर पुढच्या वर्षीच्या खरेदीत धरला आहे, स्टँडबायच्या जागी. चौथ्या मजल्यावरच्या घराला तोच दाखवायचा आहे.